दत्तारामची मुलाखत

"यांनी एकतीस वर्षं दारं बंद केली आणि निवृत्तीनंतर ती उघडली," असं एका वक्त्यानं माझ्या सत्कारात म्हटलं आणि टाळ्या पडल्या. वाक्य चांगलं आहे, पण खोटं आहे. दारं शिपाई बंद करायचे. मी तुरुंगाधिकारी होतो, मी वहीत सही करायचो. निवृत्तीनंतर भाईंदरजवळच्या काशीगावातल्या ज्या घराचा मी पाच वर्षं व्यवस्थापक होतो, त्याचं दार लाकूड फुगल्यामुळे मुळात नीट बंदच होत नसे. ते उघडण्यात माझं कर्तृत्व शून्य.

ते घर म्हणजे एका संस्थेनं आणि तुरुंग खात्यानं मिळून केलेला प्रयोग होता. शिक्षा संपत आलेल्या, वागणूक चांगली असलेल्या सात जणांनी सुटकेआधीचे सहा महिने तिथे एकत्र राहायचं. आपला बाजार आपण करायचा, आपलं आपण रांधायचं, भांडायचं, मिटवायचं, दिवसा काम शोधायचं आणि संध्याकाळी सातच्या आत परत यायचं. पहारा नाही, कुलूप नाही. सातला कोणी आला नाही तर आठला मी तुरुंगात फोन करायचा आणि त्या फोननंतर त्या माणसाचं कठीण होतं. पाच वर्षांत तो फोन करावा लागला नाही. दोनदा हातात घेतला होता, एवढंच.

संस्थेनं घराला आठ शब्दांचं नाव दिलं होतं. पाटी रंगवणारा 'पुनर्वसन'पर्यंत आला आणि म्हणाला, "साहेब, बाकीचं मागच्या बाजूला लिहू काय?" गावानं ते नाव कधी वाचलंच नाही. गावात त्याला 'सुटणाऱ्यांचं घर' म्हणत. माझ्या मते तेच बरोबर होतं.

उद्घाटनाला पाहुणे आले. प्रतीक म्हणून ते फुगलेलं दार कसंबसं ओढून त्याला एक नवंकोरं कुलूप लावलं होतं आणि पाहुण्यांच्या हातात मोठी किल्ली दिली होती. किल्ली फिरेना. पाहुणे जोर लावतायत, फोटोवाला 'एक मिनिट, एक मिनिट' करतोय, आणि रांगेत उभ्या असलेल्या आमच्या सात जणांतला एक, ज्याची पूर्वायुष्यातली खासियत कुलपंच होती, अगदी सेवाभावानं पुढे सरकला. मी त्याला डोळ्यांनीच मागे केलं. शेवटी पाहुणे खिडकीतून दिसणाऱ्या घराला उद्देशून बोलले. 'समाजाचा मुख्य प्रवाह' हा शब्द सात वेळा आला. कार्यक्रम संपल्यावर सलीमनं मला विचारलं, "साहब, वो मुख्य प्रवाह मतलब ये सामनेवाला हायवे क्या? उसमें तो आदमी मर जाएगा."

सलीम अठरा वर्षं आत होता आणि आमचं स्वयंपाकघर त्याच्याकडे होतं. पहिल्या दिवशी मी त्याला भाजी आणायला पाठवलं, तर तासभर झाला तरी पत्ता नाही. बघायला गेलो तर हा नाक्यावर भाजीवाल्या आजीसमोर रिकामी पिशवी घेऊन उभा. आजी गावातलीच, जुनी.

"काय रं, तू त्या सुटनाऱ्यांतला हाय ना?"

"हां, मावशी."

"मंग असा उभा कशाला? काय पायजे?"

सलीमला तेच सांगता येत नव्हतं. अठरा वर्षांत त्याला कोणी हे विचारलंच नव्हतं. आजीनं थोडा वेळ वाट पाहिली आणि स्वतःच पिशवीत दोडके भरले. "पोटाला बरा आसतो. उद्या तुझ्या मनानं घे." पुढचे चार दिवस आम्ही दोडका खाल्ला. पाचव्या दिवशी सलीमनं भेंडी आणली आणि तिचं आम्ही जरा जास्तच कौतुक केलं.

या घराची गरज काय, असं लोक विचारतात. एवढीच. माणूस आत बसून बिघडतो असं नाही, पण तो वाट बघायला शिकतो. कोणीतरी सांगेल, कोणीतरी उघडेल, कोणीतरी नाव पुकारेल. असा माणूस एका सकाळी एकदम फाटकाबाहेर सोडला तर तो तिथेच उभा राहतो, आणि पहिला जो कोणी 'चल' म्हणेल त्याच्यामागे जातो. तो पहिला माणूस सहसा चांगला नसतो. म्हणून आधी सहा महिने दोडका आणि भेंडी. आमची पहिली घरसभा न्हाणीघराची कडी आतून लावायची की नाही, या प्रश्नावर दोन तास चालली. लावायची असं ठरल्यावर एक जण आत जाऊन चाळीस मिनिटं बसला. काय करत होतास म्हटलं, तर म्हणाला, "काही नाही. कडी लावून बसलो होतो."

मलाही शिकावं लागलं. सगळ्यांना 'अहो-जाहो' करायचं, असा संस्थेचा नियम. पण तुरुंगात अधिकारी कैद्याला 'तुम्ही' म्हणाला तर समजायचं, काहीतरी भयंकर घडलंय. मी सकाळी "तुम्ही चहा घेतलात का?" विचारलं की माणूस उभाच राहायचा. मग मी तुरुंगातले शब्द बंद करायची मोहीम काढली. एक यादी करून भिंतीवर लावली. 'गिनती' म्हणायचं नाही, 'बराक' म्हणायचं नाही, खोली म्हणायचं. 'बंदी' म्हणजे संध्याकाळी कोंडण्याची वेळ, तोही शब्द बाद. यादी सत्तावीस शब्दांची झाली आणि मला तिचा बराच अभिमान होता.

त्या यादीत एक शब्द नव्हता. मुलाखत. बाहेर तो सभ्य शब्द आहे, नोकरीसाठी जी देतात ती मुलाखत. पण तुरुंगात मुलाखत म्हणजे घरचं माणूस भेटायला येणं, दुसरा अर्थच नाही. शिपाई बराकीत येऊन 'अमक्याची मुलाखत' असं ओरडला की तो अमका दाढीला हात लावत पळत सुटतो, आणि बाकीचे त्याच्याकडे बघत नाहीत. एकतीस वर्षं मी हा शब्द याच अर्थानं ऐकला होता. चार महिन्यांत विसरलो.

दत्ताराम धनावडे आमच्याकडे आला तेव्हा पन्नाशीला टेकला होता. मूळचा रत्नागिरीकडचा, पण उमेदीची वर्षं सगळी भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांत गेलेली. तिथे तो बफिंगचं काम करायचा, म्हणजे फिरत्या चाकावर धरून भांड्याला चकाकी द्यायची. चाळीत पाण्याच्या नळावरून भांडण झालं, यानं हातात होतं ते फेकून मारलं, ते वर्मी लागलं आणि माणूस गेला. बायको त्याआधीच आजारात वारली होती. आठ वर्षांची मुलगी मागे राहिली, अश्विनी. तिला तिच्या मावशीनं सांभाळलं. मुलगी अटकेनंतर एकदा तुरुंगात भेटायला आली होती. मग चौदा वर्षांत कधीच नाही.

आणि आता ती आमच्यापासून रिक्षाच्या अंतरावर, केबिन रोडवर साड्यांना फॉल-पिको करणाऱ्या दुकानात काम करत होती. नातेवाइकांनी कळवल्याशिवाय त्यांच्या दारात जायचं नाही, असा आमचा नियम होता. घरातर्फे मी तिला दोन पत्रं पाठवली होती. उत्तर आलं नव्हतं. दत्ताराम विचारत नसे. टपालवाला आला की तो बाहेर येऊन कुंड्यांना पाणी घालायचा. कुंड्यांतली रोपं कुजली ती त्यामुळेच.

अशा माणसाला मी एका संध्याकाळी चहा पिताना सहज म्हणालो, "दत्ताराम, उद्या अकराला तुमची मुलाखत आहे. भाईंदरला."

कप ओठाशी थांबला. "माझी?"

"तुमचीच."

"समोरून निरोप आला?"

"कालच आला. आधी बघतो म्हणाले, मग पुढचं ठरवू."

त्यानं कप खाली ठेवला. "मी काय बोलू पण, साहेब?"

"विचारतील तेवढं सांगा. झालेलं लपवू नका, त्यांना सगळं ठाऊक आहे."

"ठाऊक असणारच," तो म्हणाला.

"आणि दाढी करून या."

मी एका भांडीवाल्या शेठबद्दल बोलत होतो. तो त्याच्या मुलीबद्दल बोलत होता. संभाषण दोन्हीकडून अगदी सुरळीत झालं.

सकाळी मी पोचलो तेव्हा घरभर भाजलेल्या रव्याचा वास. सलीम फाटकातच भेटला. "साहब, इसको समझाओ. पाँच बजे से मेरे किचन में लड्डू बांध रहा है. नौकरी के लिए लड्डू कौन ले जाता है?"

"कोकणातला माणूस आहे," मी म्हणालो. "रिकाम्या हातानं जात नाहीत."

सलीमनं माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं. त्यानं ओळखलं होतं का, मला माहीत नाही. मी मात्र ओळखायला हवं होतं. इस्त्रीचा शर्ट, तेल लावलेले केस, मांडीवर डबा. रिक्षात तो एकदाच बोलला. "ती... चष्मा वगैरे लागलाय का, काही कळलं?" रिक्षाच्या आवाजात मला 'ते' ऐकू आलं. मी म्हणालो, "हो, जाड भिंगाचा आहे." शेठला होता.

शेठचं ऑफिस म्हणजे गाळ्याच्या एका कोपऱ्यात काचेची खोली. टेबलावर झाकणांचे नमुने पसरलेले. शेठ माणूस बरा होता, बोलायला मोकळा.

"आओ, बैठो. बफिंग जानते हो ना?"

दत्ताराम दाराकडे बघत होता.

"कितने साल किया?"

दत्तारामनं डबा या मांडीवरून त्या मांडीवर घेतला. दार उघडलं, एक कामगार पावती घेऊन आला, गेला. दत्ताराम अर्धा उठला आणि परत बसला. मला वाटलं, बिचारा घाबरलाय. मी कोपरानं ढोसलं. "दत्ताराम, शेठ विचारतायत."

तो माझ्या कानाशी वाकला. "साहेब, ती कधी येणार?"

"कोण?"

"अश्विनी. तुम्ही म्हणालात ना, मुलाखत."

शेठच्या कानावर नाव गेलं. तो मदतीला धावला. "अश्विनी? नहीं भाई, हमारे यहाँ कोई अश्विनी नहीं है. अकाउंट में एक प्रीती है, वो भी आज छुट्टी पे है."

मी नोकरीत दंगे पाहिले आहेत, एक फाशी पाहिली आहे. त्या काचेच्या खोलीतून जितकं पळून जावंसं वाटलं, तितकं कधीच वाटलं नव्हतं. दत्तारामला माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं. नजर कुठे ठेवावी कळेना म्हणून त्यानं समोरचं एक झाकण उचललं आणि अंगठा कडेवरून फिरवू लागला. एकदा, दोनदा. मग जुन्या सवयीनं बोलून गेला, "याला इथे धार राहिलीय. बाईचा हात कापेल."

शेठनं झाकण घेतलं, चष्मा कपाळावर चढवला, स्वतःचा अंगठा फिरवला आणि बाहेरच्या कोणाला तरी गुजरातीतून एक शिवी दिली. नोकरी तिथेच पक्की झाली. डबा टेबलावर राहिला होता तो मग उघडावाच लागला. शेठनं दोन लाडू खाल्ले. "सोमवार से आ जाओ. लेकिन ये रोज नहीं लाने का. शुगर है मेरे को."

परतताना रिक्षात मी माफी मागितली. एकतीस वर्षांत कैद्याची माफी मागायची पद्धत नव्हती, त्यामुळे ती मला धड जमली नाही. तो म्हणाला, "तुमचं काय चुकलं? शब्दच तो आहे." मग फाटकाशी उतरताना डबा माझ्या हातात दिला. "उरलेत ते कोणाला तरी द्या. घरात नकोत."

कोणाला तरी म्हणजे कोणाला, हे ठरवायला मला दोन दिवस लागले. घरच्यांच्या मागे लागायचं नाही, हेही आमच्या नियमात होतं, आणि नियम मोडायची मला सवय नाही. शेवटी मी स्वतःची समजूत काढली की मी दत्तारामचं काम घेऊन जात नाहीये, माझी चूक सांगायला जातोय.

केबिन रोडवरचं ते दुकान म्हणजे दोन मशिनं आणि साड्यांचे ढीग. चष्मा नव्हता तिला. बाकी कपाळ, भुवया सगळं दत्तारामचं.

"साडी आणलीय का, काका? मंगळवारच्या आत नाही मिळणार."

मी नाव सांगितलं. तिनं मशीन थांबवलं नाही. "पत्रं मिळाली. दोन्ही आहेत खणात."

"मी उत्तर मागायला नाही आलो. माझ्या हातून एक चूक झाली, ती सांगायला आलोय."

मी सगळं सांगितलं. निरोप कालच आला म्हणालो ते, दाढीचं, जाड भिंगाचं, शेठच्या प्रीतीचं. प्रीतीपाशी ती हसली. हसतानाच तिचा पाय मशीनवरून निघाला.

"आणि लाडू?"

"दोन शेठनं खाल्ले. बाकीचे हे."

तिनं डबा घेतला, उघडला नाही. बाजूच्या मशीनवरच्या बाई आता उघडपणे ऐकत होत्या. तिनं विचारलं, "तिथे यायला पास लागतो का?"

"काही लागत नाही. बेलसुद्धा बिघडलीय."

"मी येते म्हणत नाहीये हं. विचारलं फक्त."

मी घरी येऊन कोणाला काही बोललो नाही. दत्तारामला पुन्हा एकदा दाढी करायला लावण्याची माझी हिंमत नव्हती.

ती रविवारी दुपारी आली. दत्ताराम अंगणात बनियनवर बसून लसूण सोलत होता. तिला बघून तो उठला, लसणाची परात कुठे ठेवावी हे त्याला कळेना, शेवटी ती तिनंच घेतली. बाकीचे सहा जण एका क्षणात स्वयंपाकघरात नाहीसे झाले आणि तिथून इतकी शांतता येऊ लागली की सहाही जण ऐकतायत हे स्पष्ट होतं. अशा भेटीत व्यवस्थापकानं हजर राहायचं असतं. मी वर्तमानपत्र धरून बसलो.

मावशीची तब्येत, नोकरी, पोळ्या कोण करतं, एवढं बोलून विषय संपले. मग ती म्हणाली, "पप्पा, एक विचारायचंय. मी तेव्हा भेटायला आले होते ना, तुम्ही जाळीतून काय सांगत होता?"

मुलाखतीची खोली बाहेरच्यांनी पाहिलेली नसते. दोन जाळ्या, मध्ये हातभर जागा. इकडे वीस कैदी, तिकडे त्यांचे वीस घरचे, आणि सगळे एकाच वेळी ओरडत असतात, कारण शेजारचा ओरडतो म्हणून आपल्यालाही ओरडावं लागतं. कोणाला काही ऐकू जात नाही. त्या खोलीला मी तपासणीत 'व्यवस्था समाधानकारक' असा शेरा दिलेला आहे. एकदा नाही, दरवर्षी.

"तुम्ही दोनदा सांगितलंत," ती म्हणाली. "मला ऐकूच आलं नाही. मी घाबरून हो म्हटलं. तर तुम्ही हसलात. मग घरी आल्यावर मावशीनं विचारलं, काय म्हणाले, मला सांगता येईना. नंतर वाटायला लागलं, मी कशाला तरी कबूल झालेय. मी मोठी होत गेले तसं ते पण मोठं होत गेलं. वाटायचं, तुम्ही विचारलं असणार, सुटून आलो की मला सांभाळशील ना? आणि मी हो म्हणून बसलेय." ती लसणाकडे बघत बोलत होती. "मावशीकडे दोन खोल्यांत आम्ही सहा जण. मी कुठे ठेवू तुम्हाला? म्हणून नाही आले. पत्राला तरी काय लिहिणार?"

मी वर्तमानपत्र उलटं धरलं नव्हतं, पण एक ओळही वाचत नव्हतो. दत्ताराम आठवत होता. खरंच आठवत होता, कपाळाला आठ्या घालून. चौदा वर्षांपूर्वीचं.

"सिलिंडरची पावती," तो म्हणाला.

"काय?"

"गॅसचा नंबर लावला होता गं मी. पावती घड्याळाच्या मागे खोचलेली. ती मावशीला दे, एवढंच सांगत होतो. घरातला गॅस संपलेला. मला वाटलं, तू एकटी स्टोव्हजवळ जाशील नि भाजशील. तू हो म्हणालीस, मग माझ्या जिवाला बरं वाटलं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "ते घड्याळ मावशीनं भंगारात दिलं."

"पावतीसकट?"

"पावतीसकट. दीड महिना आम्ही शेजारच्या काकूंकडे भात लावत होतो."

"मी सांगत होतो तरी," दत्ताराम म्हणाला, आणि त्या वाक्यावर ती जी हसायला लागली ती थांबेना. तोंडावर हात धरला, मग दोन्ही हात धरले, मग ते हसणं होतं की काय होतं, मी बघितलं नाही. आत स्वयंपाकघरात कोणाच्या तरी हातून झाकण पडलं.

डोळे पुसून ती म्हणाली, "आणि राहणार कुठे तुम्ही?"

"सलीमबरोबर खोली बघून ठेवलीय, इथेच गावात. काम आहे. मला सांभाळायला काही नको."

"मग काय पाहिजे?"

दत्तारामला हे सांगायला सलीमइतका वेळ लागला नाही. "अधूनमधून ये," तो म्हणाला.

तिनं हो म्हटलं नाही. उरलेला लसूण सोलून दिला, जेवली, सलीमच्या भेंडीला मीठ कमी आहे असं त्याच्या तोंडावर सांगितलं आणि पाचच्या सुमारास गेली. पुढच्या रविवारी परत आली, येताना मीठ घेऊन.

दर महिन्याला संस्थेला एक अहवाल जायचा. त्यात एक रकाना होता : 'कौटुंबिक संबंध – पुनःस्थापित / अंशतः पुनःस्थापित / नाही.' यातल्या एकावर खूण करायची. मी खूण केली नाही. लिहिलं, 'गॅस सिलिंडरच्या पावतीबाबतचा गैरसमज दूर झाला.' वरून पत्र आलं, कृपया स्पष्टीकरण द्यावे. मी स्पष्टीकरण लिहायला बसलो, ते चार पानं झालं, वाचून पाहिलं आणि फाडलं. मग एका ओळीत कळवलं, 'मुलगी दर रविवारी येते.' त्यावर काही विचारणा आली नाही.